दोन खात्यांचा माणूस दुतोंडी नसतो

एखाद्या मुलीची इन्स्टाग्रामवर दोन खाती आहेत हे कळलं की मराठी घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : काहीतरी लपवायचं असणार. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असा एखाद्या काकांचा शेराही लगेच पडतो. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका अब्जाधीशानेही नेमका हाच शेरा मारला होता. डेव्हिड कर्कपॅट्रिक यांच्या ‘द फेसबुक इफेक्ट’ या २०१० च्या पुस्तकात मार्क झुकरबर्ग यांचं मत नोंदलेलं आहे. स्वतःच्या दोन ओळखी बाळगणं म्हणजे सचोटी नसणं, अशा अर्थाचं ते मत. कचेरीतल्या माणसांसमोर एक आणि मित्रांसमोर दुसरा, असं राहण्याचे दिवस संपत आले आहेत, असंही त्यांना तेव्हा वाटत होतं.

काकांच्या शेऱ्यात आणि झुकरबर्ग यांच्या मतात एक फरक आहे. काकांना त्यातून काही मिळत नाही. जाहिराती विकून चालणाऱ्या कंपनीला मात्र एक माणूस, एक नाव आणि त्या नावाखाली त्याची सगळी आवडनिवड हवीच असते. कविता वाचणारी, नोकरी शोधणारी आणि सासूबाईंच्या दुखण्यावर उपाय विचारणारी बाई तीन ठिकाणी विखुरली, तर हिशेब लागत नाही. हिशेबाच्या सोयीला सचोटी हे नाव देणं ही जाहिरातबाजीतली जुनी युक्ती आहे. दुःख एवढंच, की ती युक्ती आपल्याकडे नीतिमत्ता म्हणून स्वीकारली गेली.

खरं तर मराठी माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. जुन्या घराला ओटी होती, माजघर होतं, स्वयंपाकघर होतं आणि मागे परसू होतं. उधारी मागायला आलेला ओटीवरूनच परत जाई. लग्नाचं बोलायला आलेले पाहुणे माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येत. चुलीपाशी बसून चहा पिणारा मात्र घरचाच असे, आणि विहिरीच्या काठी धुणं आपटताना दोन जावांमध्ये जे बोलणं होई ते ओटीवर कधीच पोचत नसे. ओटीवर करड्या आवाजात व्यवहार ठरवणारा म्हातारा आत येऊन नातवाचा घोडा होई. त्याला कोणी दुतोंडी म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्या भिंतींनी जातीची शिवाशीव आणि बायकांचा कोंडमाराही राखला, म्हणून त्यातल्या बऱ्याच पडल्या ते बरंच झालं. पण भिंती पडल्या म्हणून जो तो चौकात राहायला गेला नाही. कोणाला घराच्या कुठल्या खोलीपर्यंत येऊ द्यायचं यावरूनच नातं मोजलं जात होतं आणि आजही जातं.

नावाचंही तसंच. शाळेच्या हजेरीत आडनावाने ओळखला जाणारा मुलगा घरी बंड्या असतो, कचेरीत कुलकर्णीसाहेब होतो आणि आजोळी म्हातारपणापर्यंत बंड्याच राहतो. बाईची गोष्ट तर त्याहून विलक्षण. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून तिचं जुनं नाव पुसून टाकण्याची रीत याच समाजाने पाळली. दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि मैत्रिणींच्या तोंडी तिसरं. खुद्द महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव, अशी रचना सरकारी कागदांसाठी ठरवली. म्हणजे मराठी माणसाचं ‘खरं नाव’ कोणतं, हे ठरवताना सरकारचंही मत बदलतं. आणि असा समाज बाईला विचारतो, की तुला दोन खाती कशाला हवीत!

खऱ्या नावाचा आग्रह किती विनोदी वळणं घेतो, हे २०११ साली सलमान रश्दी यांनी अनुभवलं. त्यांच्या पासपोर्टवर पहिलं नाव अहमद आहे. फेसबुकने आधी त्यांचं खातं बंद केलं आणि मग त्यांना अहमद रश्दी करून टाकलं. जगाला ज्या नावाने ते ठाऊक होते तेच नाव खोटं ठरलं. त्यांनी ट्विटरवर आरडाओरडा केल्यावर कंपनी नमली. प्रत्येकाला रश्दींइतका मोठा आवाज नसतो. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ड्रॅग कलावंतांची खाती अशीच धडाधड बंद झाली. स्टेजवरचं नाव हेच त्यांचं मित्रमंडळातलं नाव होतं, आणि जन्मनाव उघड झालं तर काहींच्या जिवावर बेतलं असतं. त्या वर्षी १ ऑक्टोबरला फेसबुकचे अधिकारी ख्रिस कॉक्स यांना जाहीर माफी मागावी लागली.

यावर एक प्रतिप्रश्न हमखास येतो : हे सगळे अपवाद झाले, साध्यासुध्या माणसाला दुसरं नाव कशाला? त्याचं उत्तर मराठी साहित्याच्या कपाटात आहे. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. आजच्या भाषेत ही तीन खाती झाली. बाळकरामकडे हसायला आलेल्या वाचकाला गोविंदाग्रजांचा विरह सोसावा लागत नसे. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ त्यांच्या नावावर, ‘विशाखा’ मात्र कुसुमाग्रजांची. अत्रे विडंबन करायला बसले की केशवकुमार होत. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या एका नावाने आणि कविता आरती प्रभू या नावाने. यांतल्या कोणाचीही सचोटी नावांच्या संख्येवरून मोजण्याचा वेडेपणा मराठी समीक्षेने केला नाही.

यात सगळ्यात बोलकं उदाहरण विभावरी शिरूरकरांचं आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं. शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं, ते त्या कथांमध्ये इतक्या उघडपणे आलं होतं की पुण्यामुंबईत खळबळ उडाली. ही विभावरी कोण, पुरुष की बाई, याचे तर्क सुरू झाले. ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. तेव्हा त्या स्वतः अविवाहित होत्या. हेच पुस्तक त्यांनी खऱ्या नावाने छापलं असतं तर प्रत्येक कथेत लोकांनी खरे घराण्याची कुजबुज शोधली असती, किंवा अधिक शक्यता अशी की ते पुस्तक लिहिलंच गेलं नसतं. टोपणनावाने इथे सत्य झाकलं नाही. त्याच नावाच्या आडोशाने ते बाहेर येऊ शकलं. आपल्या मनातलं कोणीतरी लिहिलंय, असं वाटलेल्या वाचक मुलींचं त्या नावाशी जुळलेलं नातं खोटं होतं, असं म्हणायला कोण धजेल?

आता खऱ्या नावाच्या, एका खात्याच्या, लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसांचं काय होतं ते पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे प्रकरण बंद झालं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. कलम रद्द करण्याच्या लढ्यात हे प्रकरण वारंवार आठवलं गेलं ते योग्यच. पण त्यातला दुसरा धडा कमी जणांनी घेतला. त्या दोघी एकखाती सचोटीच्या आदर्श नमुना होत्या. स्वतःचं नाव, स्वतःचं मत, आडपडदा नाही. मैत्रिणींत बोलावं तशा चार ओळी गावभर गेल्या, कारण मैत्रिणी आणि गाव यांच्यामध्ये दारच नव्हतं.

डॅना बॉइड आणि अ‍ॅलिस मार्विक या अमेरिकी अभ्यासकांनी या अवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. वेगवेगळे श्रोते एकाच अंगणात येऊन उभे राहतात आणि प्रत्येकासाठी वेगळं असलेलं बोलणं एकाच वेळी सगळ्यांच्या कानांवर पडतं, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. मुलाखत घेणारा साहेब, आत्या, शाळेतली वर्गमैत्रीण, वस्तीतला कार्यकर्ता आणि होणारा नवरा, सगळे एकदम समोर. अशा वेळी माणूस काय करतो? तो सगळ्यांना चालेल तेवढंच बोलतो. म्हणजे गुड मॉर्निंगचं फूल, सूर्यास्त, पुरणपोळी आणि अभिनंदन. एका खात्यात नातं खरं होतं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं पान एकदा वर्षभर मागे सरकवून पाहावं.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात मार्दिन नावाचं गाव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका प्रकल्पात नऊ मानववंशशास्त्रज्ञ जगाच्या वेगवेगळ्या भागांत पंधरा-पंधरा महिने राहिले. त्यांतल्या एलिझाबेता कोस्ता मार्दिनमध्ये होत्या, आणि त्यांचं पुस्तक २०१६ साली आलं. त्यांना दिसलं ते वरच्या सिद्धान्ताला छेद देणारं होतं. तिथे श्रोत्यांची सरमिसळ होऊन गोंधळ उडतच नव्हता, कारण लोकांनी तो आधीच टाळला होता. नातेवाइकांसाठी एक फेसबुक खातं, मित्रमैत्रिणींसाठी दुसरं, आणि घरच्यांच्या नजरेआड हळुवार बोलायला आणखी एक. बायका यात विशेष वाकबगार होत्या. कुटुंबाची अब्रू, शेजाऱ्यांचे डोळे आणि मुलींवरचा पहारा ही तिथली कारणं मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाहीत. फेसबुकच्या नियमानुसार त्या सगळ्या बायका दोषी. पण त्या गावात मनातलं बोलायला जागा कुठे होती, तर त्या नियमबाह्य खात्यांमध्येच.

कंपनीलाही हे ठाऊक होतं. २०१९ च्या अखेरीस फेसबुकच्या स्वतःच्याच अंदाजाप्रमाणे दरमहा वापरात असलेल्या खात्यांपैकी सुमारे ११ टक्के दुबार होती. तेव्हाच्या सुमारे २५० कोटी वापरकर्त्यांच्या हिशेबाने ती २७ कोटींच्या घरात जातात. भामट्यांची खोटी खाती कंपनी यातून वेगळी मोजत होती. इतकी माणसं एकाच वेळी लबाड निघाली, असं मानण्यापेक्षा नियमच माणसाच्या मापाचा नव्हता असं मानणं सोपं आहे.

तंत्रज्ञानातले जाणकार इथे म्हणतात, की खाती कशाला, याद्या करा ना. एकाच खात्यात ‘क्लोज फ्रेंड्स’ निवडा, आत्याला वगळा, काम फत्ते. ही सोय वाईट नाही. इन्स्टाग्रामने ती २०१८ च्या नोव्हेंबरात दिली. त्याआधी २०११ मध्ये गूगल प्लसने माणसांची वर्तुळं करायची कल्पना थाटामाटाने मांडली होती. त्या वर्तुळांत माणसं भरत बसायचा लोकांना कंटाळा आला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये ते दुकान सर्वसामान्यांसाठी बंद झालं. यादीची अडचण अशी की ती डोळ्यांना दिसत नाही. लिहिताना समोर कोण बसलं आहे याचा अंदाज राहत नाही, एक बटण चुकलं की माजघरातलं ओटीवर. वेगळ्या खात्यात शिरलं की तिथली तीसच नावं दिसतात, छायाचित्र वेगळं, भाषाही आपोआप बदलते. खोलीत शिरल्यासारखं होतं. शिवाय यादीतून वगळलेल्या आत्याला आपण वगळलो गेलोय हे कधी ना कधी कळतंच, आणि मग दिवाळीला त्याची भरपाई करावी लागते. (दुसऱ्या खात्याला तोच फोन नंबर जोडून मोबाइलमधली सगळी नावं अ‍ॅपला दिली, तर ते खातं आत्यालाच आधी सुचवलं जाण्याचा संभव असतो, हे जाता जाता सांगितलेलं बरं.)

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक खाती, बदललेली नावं यांमुळेच शिवीगाळ, अफवा आणि द्वेष वाढतो; एक माणूस एक खातं केलं की लोक जबाबदारीने बोलतील. दक्षिण कोरियाने हे करून पाहिलं. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणं सक्तीचं झालं. त्यासाठी संकेतस्थळांकडे नागरिकांच्या ओळखीचे ढीग जमले. जुलै २०११ मध्ये सायवर्ल्ड आणि नेट या दोन सेवांवर दरोडा पडला आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचं दिसत नाही, हेही न्यायालयाच्या म्हणण्यात होतं.

कोरिया दूर वाटत असेल तर धुळे जिल्हा जवळ आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर एका नंबराला एक खातं आणि नंबरामागे सिमकार्डासाठी दिलेली कागदपत्रं होती. ज्यांनी ती अफवा पुढे ढकलली त्यांतले बहुतेक कोणाचे तरी मामा, कोणाचे तरी शेजारी, आपापल्या फोटोसकट गटात हजर असलेले लोक असणार. त्यानंतर कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आजार ढकलाढकलीचा होता, म्हणून औषधही ढकलाढकलीवरचं द्यावं लागलं. नावं तर बहुतेकांची खरीच असणार.

मग प्रत्येक दुसरं खातं पवित्र आहे का? मुळीच नाही, आणि तसा दावा करणारा वकील आपलीच बाजू बुडवील. होल फूड्स या अमेरिकी किराणा कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन मॅकी ‘राहोदेब’ या नावाने याहूच्या शेअरबाजारविषयक चर्चेत सुमारे आठ वर्षं लिहीत होते. पत्नीच्या डेबोरा या नावातली अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं ते नाव. त्या नावाने ते स्वतःच्या कंपनीची तारीफ करत आणि वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्धी कंपनीला नावं ठेवत. पुढे हीच कंपनी विकत घ्यायला निघाल्यावर २००७ मध्ये बिंग फुटलं. हे लबाडीचं शुद्ध उदाहरण. कारण समोर वाचणाऱ्याला वाटत होतं, की हा आपल्यासारखाच एक गुंतवणूकदार. बाळकराम वाचणाऱ्याला असं काही खोटं सांगितलं जात नव्हतं. नाव बदलणं आणि हितसंबंध लपवणं या दोन गोष्टींत गल्लत केली की विभावरी आणि राहोदेब एकाच पिंजऱ्यात जाऊन उभे राहतात. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणाऱ्याला भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यासाठी पुतणीच्या मैत्रिणींसाठीच्या खात्याला हात लावायची गरज नाही.

आता मित्रपक्षातल्यांची थोडी खबर. खाती पाच काढा, सगळ्यांवर एकदम पोस्ट टाकणारं साधन घ्या, रोज ठरल्या वेळी हजेरी लावा आणि ‘नाती जोडा’, असं शिकवणाऱ्या मार्केटिंगच्या गुरूंनी अनेक खात्यांच्या कल्पनेची जेवढी नाचक्की केली आहे तेवढी विरोधकांनाही जमलेली नाही. पाच दारांवर एकच पत्रक टाकणं म्हणजे पाच घरांत उठबस नव्हे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचा जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, आणि जवळचा मित्र व्हायला २०० तासांहून जास्त. ते तास खात्यांच्या संख्येने वाढत नाहीत. माणसाला साधारण १५० जणांशीच नातं राखता येतं, हा रॉबिन डनबार यांचा आकडा विरोधक फार फेकतात, पण त्याच डनबार यांनी १५० च्या आत ५०, त्याच्या आत १५ आणि सगळ्यांत आत ५ अशी कडी सांगितली आहेत, हे सोयीस्कर विसरतात. आतल्या पंधरांसाठी वेगळं दार असायला हरकत काय? दोन खाती, फार तर तीन, सांभाळता येतात. त्याच्या वर गेलं की ते घर राहत नाही, गाळा होतो.

दोन दारांच्या घरात कधीतरी चुकीचं दार उघडणारच. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकी रेड क्रॉसच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून मित्रांसाठीचा बिअर पिण्याविषयीचा संदेश संस्थेच्या ट्विटर खात्यावरून गेला. संस्थेने तो काढला, आणि आम्ही शुद्धीत आहोत, गाडीच्या किल्ल्या जप्त केल्या आहेत, अशा अर्थाचं हसतं उत्तर दिलं. लोकांनी उलट देणग्या पाठवल्या. पुढच्याच महिन्यात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या खात्यावरून डेट्रॉइटच्या वाहनचालकांना उद्देशून एक शिवी गेली. तीही चूक खातं चुकल्यामुळेच झालेली. लिहिणाऱ्याची नोकरी गेली आणि त्याच्या एजन्सीचं कंत्राटही. रेड क्रॉसच्या वाचकांना अधिकृत खात्यामागे संध्याकाळी बिअर पिणारा एक माणूस असल्याचं कळलं आणि ते आणखी जवळ आले. क्रायस्लरच्या बाबतीत तेवढी सवड कोणी दिली नाही.

२०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे सिनेटर रिचर्ड ब्लूमेन्थल यांनी सुनावणीत फेसबुकच्या एका महिला अधिकाऱ्याकडे ‘फिन्स्टा’ बंद करण्याचं वचन मागितलं. फिन्स्टा ही कंपनीची सेवा नसून मोजक्या मित्रांसाठी मुलं काढतात त्या दुसऱ्या खात्याचं लाडकं नाव आहे, हे मग त्या बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. पोरं त्यावर पोट धरून हसली. झुकरबर्ग तोवर बदललेले होते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी लिहिलं, की लोकांना गावच्या चौकाइतकाच घरातला दिवाणखानाही हवा असतो. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये फेसबुकने एका माणसाला मूळ खात्याखेरीज आणखी चार प्रोफाइल उघडण्याची मुभा दिली. सचोटीच्या जुन्या व्याख्येचं काय झालं, यावर कंपनी काही बोलली नाही.

तेव्हा पुतणीचं दुसरं खातं कधी चुकून समोर आलंच, तर काकांनी तिथे रिक्वेस्ट पाठवू नये, तिच्या आईलाही स्क्रीनशॉट पाठवू नये. पहिल्या खात्यावर तिने टाकलेल्या पुरणपोळीच्या फोटोला अंगठा द्यावा, आणि फारच आठवण आली तर सरळ फोन करावा.